तानसेला पूर येतो तेव्हा

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात अंबाडी हे गाव आहे. भिवंडीहून वाड्यास जाणारी सडक या गावावरून जाते. येथील नाक्यावरून एक रस्ता वज्रेश्वरीकडे फुटतो. त्यामुळे अंबाडीच्या नाक्यावर बाराही महिने माणसांची वर्दळ असते. आसपासच्या पाड्यांतील शेतकरी बाजारहाटासाठी येथे येतात, मुले शाळेसाठी येतात, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीस जाणारे यात्रेकरूही याच वाटेने पुढे जातात.

या मुलखाची नदी तानसा. शहापूर तालुक्याच्या डोंगराळ भागातून ती पश्चिमेकडे वाहत येते, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी यांच्या काठाने पुढे जाते आणि शेवटी वैतरणा नदीस मिळते. वैतरणा अरबी समुद्रास मिळते. तानसेवर शहापूर तालुक्यात १८९२ साली एक मोठे दगडी धरण बांधण्यात आले. त्याची लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर आहे. या धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. मुंबईतील माणूस नळाची तोटी सोडतो, तेव्हा अंबाडीच्या परिसरातील या नदीचे पाणी त्याच्या ओंजळीत येते. परंतु त्याला ते बहुधा ठाऊक नसते.

उन्हाळ्यात तानसा शांत असते. खडकांच्या मधून पाण्याचा एक बारीक प्रवाह वाहत असतो. गुरे त्यात बिनधास्त उतरतात आणि मुले घोटाभर पाण्यातून पलीकडे जातात. जूनमध्ये मृग नक्षत्र लागते आणि सारे पालटते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडतो. कोकणातील शेतकऱ्यांनी पावसाच्या नक्षत्रांना गमतीदार नावे दिली आहेत. पुनर्वसूच्या पावसाला ते ‘तरणा’ म्हणतात, तर पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. पण या म्हाताऱ्याच्या अंगी जोर थोडाथोडका नसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबई आणि ठाणे जिल्हा जलमय करणारा पाऊस पुष्य नक्षत्रातलाच होता.

त्या दिवशीचे आकडे विचार करण्याजोगे आहेत. मुंबईतील सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास मात्र त्याच वेळात सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहराच्या दोन भागांत एवढा फरक! यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. आपल्या अंगणात पाऊस थोडा आहे, एवढ्यावरून नदीच्या वरच्या अंगालाही तो थोडाच असेल, असे मुळीच म्हणता येत नाही.

पाऊस मोजतात कसा?

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटर पाऊस पडला, याचा अर्थ एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा जागेवर एक लिटर पाणी पडले. हा आकडा दिसावयास लहान आहे. पण हिशेब करून पाहिला म्हणजे त्याचे खरे रूप कळते. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे पाणी वाहून नेण्यास दहा हजार टँकर लागतील. आणि नदीला पाणी पुरविणारा प्रदेश एका चौरस किलोमीटरचा नसतो. तो कितीतरी विस्तीर्ण असतो. ज्या प्रदेशातील पाणी उतारावरून वाहत येऊन नदीस मिळते, त्याला त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात.

चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर हवामान खाते त्याला मुसळधार पाऊस म्हणते. २०४ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर तो अत्यंत मुसळधार होय. अशा पावसाची शक्यता दिसली, की हवामान खाते रंगांच्या साहाय्याने इशारा देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे वेळ न दवडता सुरक्षिततेची पावले उचला.

पूर कसा येतो?

पावसाळ्याच्या आरंभी जमीन तहानलेली असते. पहिले पाणी ती पिऊन घेते. भाताची खाचरे भरतात, बांधांशी पाणी अडते, तळी आणि विहिरी तुडुंब होतात. जुलैच्या मध्यापर्यंत मात्र जमिनीची तहान भागलेली असते. त्यानंतर पडणारा पाऊस मातीत मुरत नाही; तो सरळ ओहोळाची वाट धरतो. शेकडो ओहोळ नाल्यांना मिळतात आणि नाले नदीला मिळतात. म्हणून जूनमधील ज्या पावसाने नदीची पातळी जेमतेम वाढते, तेवढाच पाऊस जुलैअखेरीस पूर आणू शकतो.

धरणाचेही असेच आहे. तानसेचे धरण मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीस त्यात जागा असते, तोवर ते वरून आलेले पाणी पोटात घेते. धरण काठोकाठ भरले, की आलेले पाणी पुढे जाऊ देण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून तानसा तलाव भरत आला, की नदीकाठच्या गावांना सावध राहण्याची सूचना देण्यात येते. ही सूचना मिळाली, की डोक्यावर ऊन असले तरी नदीच्या पात्रात उतरू नये. पाऊस वर कोठे तरी पडलेला असतो आणि त्याचे पाणी वाटेवर असते.

नदी स्वतःही सूचना देते. ती ओळखता आली पाहिजे. निवळ पाणी एकाएकी गढूळ होते. पाण्याबरोबर पालापाचोळा, काटक्या आणि फेस वाहत येऊ लागतो. काठावरचा ओळखीचा खडक पाहता पाहता बुडतो. वरच्या अंगाकडून घरघर असा आवाज ऐकू येतो. यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी मासे पकडणाऱ्याने जाळे तेथेच टाकावे, कपडे धुणारीने कपड्यांचा मोह सोडावा आणि दोघांनीही आधी काठ चढावा. जाळे आणि कपडे पुन्हा मिळतात.

पाण्याचा रेटा

पुराच्या पाण्याची खोली डोळ्यांना अंदाजाने तरी कळते. त्याचा रेटा मात्र कळत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते. असे शेकडो घनमीटर पाणी एकामागून एक धडका देत येत असते. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा दुप्पट न होता चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचाही तोल जातो.

मोटारीत बसलेल्या माणसास वाटते, की आपले वाहन जड आहे, त्याला पाणी काय करणार? हाही भ्रम आहे. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी एक मोटार घ्या. तिच्या तळापासून वर दर दहा सेंटिमीटर पाणी चढले, की ते पाणी तिला सुमारे सहाशे किलोग्रॅमच्या जोराने वर उचलते. वीस सेंटिमीटर पाणी चढताच हा जोर बाराशे किलोग्रॅमचा होतो. पुष्कळ लहान मोटारींचे वजन याहून अधिक नसते. चाके जमिनीवरून सुटू लागतात आणि मग गाडी चालकाच्या हाती राहत नाही. ती प्रवाहाच्या हाती जाते.

ग्रामीण भागात ओढ्यांवर पुष्कळ ठिकाणी कमी उंचीच्या फरश्या, मोऱ्या आणि साकव असतात. पुरात सर्वांत अधिक धोका येथेच असतो. पाणी फरशीवरून वाहू लागले, की तिची कड दिसेनाशी होते. फरशीचा एखादा भाग पाण्याखाली वाहून गेला असेल, तर तेही वरून कळत नाही. काल ज्या फरशीवरून सायकल नेली, ती आज तेथे असेलच, असे नाही.

हे सारे ठाऊक असूनही माणसे पुराच्या पाण्यात का उतरतात? पलीकडच्या तीरावर घर असते. गोठ्यात गाय दुभायची असते. घरी आजारी माणूस वाट पाहत असतो. आवणीचे दिवस असले, तर एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. त्यातून या वाटेने आपण शंभर वेळा गेलो आहोत, ही खात्री मनात असते. कधी कधी बरोबरचा सोबती ‘एवढ्याशा पाण्याला भ्यालास?’ असे म्हणतो आणि ते बोलणे जिव्हारी लागते. अशा वेळी काठावर थांबून राहण्यासच खरे धैर्य लागते. पूर ओसरेपर्यंत थांबलेल्या माणसाला घरी पोहोचावयास उशीर होतो; पण तो पोहोचतो.

दोन घटना

महाराष्ट्रातील दोन घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत.

पहिली घटना ठाणे जिल्ह्यातीलच आहे. २६ जुलै २०१९ रोजी रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे महालक्ष्मी एक्सप्रेस निघाली. त्या रात्री अतिशय जोराचा पाऊस झाला. उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान लोहमार्ग पाण्याखाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते. त्यांत वृद्ध होते, लहान मुले होती, गरोदर स्त्रियाही होत्या. उजाडले तेव्हा चहूकडे पाणीच पाणी दिसत होते. अशा वेळी खाली उतरून चालू लागावे, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु रेल्वेने प्रवाशांना कळविले, की कोणीही गाडीतून उतरू नये. गाडीतच ते अधिक सुरक्षित आहेत. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान नावा घेऊन आले. नौदलाचे पाणबुडे आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली, आजूबाजूचे गावकरीही मदतीस धावले. २७ जुलैच्या दुपारपर्यंत सर्व प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. एकही प्राण गेला नाही. बचाव पथकांचे शौर्य त्यास कारण होते, तसाच प्रवाशांचा धीरही कारण होता.

दुसरी घटना दुःखद आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. मुंबई-गोवा महामार्गावरील इंग्रजी अमदानीतील जुना पूल त्या पुरात कोसळला. एस. टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने काळोखात नदीत पडली आणि अनेक प्रवासी प्राणास मुकले. त्या प्रवाशांची काहीच चूक नव्हती. पूल पडला आहे, हे काळोखात आणि पावसात कोणास दिसणार? या घटनेपासून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. पुलाची काळजी वेळेवर घेणे, पुराच्या वेळी त्यावर पहारा ठेवणे आणि धोका दिसताच वाहतूक बंद करणे, हे समाजाचे व शासनाचे कर्तव्य आहे. आणि पूल बंद केला असता, ‘मला घाई आहे, मला तेवढे जाऊ द्या’ असा हट्ट न धरणे, हे प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य आहे.

पुरापूर्वी, पुरात आणि पुरानंतर

पुरापासून बचाव करण्याची तयारी पूर येण्यापूर्वीच करावी लागते. आपल्या गावातील उंच जागा कोणती, तेथे कोणत्या वाटेने जावयाचे, हे घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असावे. त्या वाटेवर ओढा ओलांडावा लागत असेल, तर ती वाट निरुपयोगी समजावी. शिधापत्रिका, सातबाऱ्याचा उतारा, शाळेचे दाखले असे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवावेत. विजेरी, काडेपेटी, पिण्याचे पाणी, कोरडे खाद्य आणि नेहमीची औषधे एका जागी असावीत.

घर सोडण्याची वेळ आली, तर प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करावा. हात ओले असतील किंवा खटक्यापर्यंत पाणी आले असेल, तर मात्र त्यास स्पर्शही करू नये. गुरांची दावी सोडावीत. बांधलेले जनावर खुंट्यापाशीच बुडते. मोकळे जनावर पोहून किंवा चढून जीव वाचवू शकते. वृद्ध, आजारी माणसे व मुले यांना आधी हलवावे. मदत लागल्यास ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

कोणी वाहत जाताना दिसले, तर त्याच्यामागे पाण्यात उडी घालू नये. बुडणारा माणूस भीतीने वाचविणाऱ्यास घट्ट मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. काठावर पालथे पडून लांब बांबू पुढे करावा, दोर फेकावा, किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा दोरीला बांधून टाकावा. तो पाण्यावर तरंगतो आणि त्याच्या आधाराने माणूस वर राहतो. त्याच वेळी मोठ्याने हाका मारून इतरांना बोलवावे. स्वतःच प्रवाहात सापडल्यास पाण्याच्या विरुद्ध झुंजू नये. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत, म्हणजे खडकाचा आघात डोक्यावर होत नाही. आणि तिरकस दिशेने हळूहळू काठाकडे सरकावे.

पूर ओसरला, म्हणजे धोका संपला असे नाही. पाण्याने भिजलेल्या कच्च्या भिंती ऊन पडल्यावरही ढासळतात. तुटलेल्या विजेच्या तारा चिखलात लपलेल्या असतात. बिळांत पाणी शिरल्यामुळे नाग, घोणस, मण्यार असे साप घरात, लाकडांच्या ढिगात किंवा माळ्यावर आश्रय घेतात. म्हणून काठीने आपटून, पाहून मगच वस्तू उचलावी. साप चावल्यास जखम कापू नये, मंत्रतंत्रात वेळ घालवू नये. चावलेला अवयव न हलविता रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पुराचे पाणी विहिरीत शिरले असल्यास ते पाणी तसेच पिऊ नये. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने विहिरीत विरंजक चूर्ण टाकावे आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. चिखलात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल, तर त्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाच्या रोगाचे जंतू शरीरात शिरतात. म्हणून पाय झाकून चालावे, जखम कोरडी ठेवावी आणि ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावे. जुलाब होऊ लागल्यास उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी रोग्यास थोडे थोडे पाजावे.

आश्विनात पाऊस ओसरतो. तानसेचे पाणी पुन्हा निवळू लागते. पुरात बुडालेला तो खडक वर येतो आणि खाचरांतून भाताच्या लोंब्या पिवळ्या होऊन डोलू लागतात. नदीने आणलेल्या ज्या गाळाने अंगण चिखलमय केले होते, तोच शेतात पसरून जमिनीचा कस वाढवितो. नदी वैरीण नाही. ती वर्षातून काही दिवस आपली नेहमीची वाट सोडून रुंद वाटेने जाते, एवढेच. त्या दिवसांत तिला वाट करून द्यावी, हे तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे जाणून आहेत.

स्वाध्याय

१. एकाच पावसाने जूनमध्ये पूर येत नाही, पण जुलैअखेरीस येतो. याचे कारण काय?

२. एखाद्या गावाचे क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटर आहे. तेथे एका दिवसात ८० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकूण किती लिटर पाणी जमा होईल?

३. महालक्ष्मी एक्सप्रेसमधील प्रवाशांना गाडीतच राहण्यास का सांगण्यात आले? ते खाली उतरले असते, तर कोणते धोके संभवत होते?

४. पुरापूर्वी गुरांची दावी का सोडावीत?

५. आपल्या गावातील वृद्ध माणसांना विचारून, पुराचे पाणी पूर्वी कोठपर्यंत आले होते ते जाणून घ्या. त्या जागा दाखविणारा गावाचा नकाशा काढा. त्यात उंच जागा आणि तेथे जाण्याची सुरक्षित वाट दाखवा.